बारा नोव्हेंबरची दिवेलागण

१

“माह्या बाबाची वही चोरीले गेली. अर्ज लिहून द्या. अन् चोराचं नावबी त्यात टाका.”

वडनेरची जया मडावी माझ्या टेबलासमोर उभी राहून हे म्हणाली तेव्हा गुरुवारचे अकरा वाजले होते आणि सकाळपासून मी चार अर्ज टाइप केले होते. चारही खोटे. हिंगणघाटच्या तहसील कचेरीसमोर मी एकतीस वर्षं बसतो. नाव प्रेमदास. लोक बोलतात, मी लिहितो. खरं असो, खोटं असो, खाली सही त्यांची. या धंद्यात हात दमत नाहीत, कान दमतात.

“बस,” मी म्हटलं. “कोणती वही, ते सांग आधी. मग चोर पाहू.”

जयाचा बाप पुंडलिकराव उईके. वडनेरचा गोंड माणूस, वर्धा नदीच्या पुरापेक्षा जास्त पाणी त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. सरकारनं त्याला नेमलं कुठं, तर कोकणात भैरवटोकाच्या दीपगृहावर. सरकारला असे विनोद जमतात. तिथं त्यानं सव्वीस वर्षं दिवा लावला आणि विझवला. मागच्या पोळ्याला वारला.

आता त्या दीपगृहाला दीडशे वर्षं झाली, म्हणून खात्याला ते वारसा असल्याचं आठवलं. चुना मारला, तिकीट लावलं, खाली संग्रहालय केलं. संध्याकाळी चार ते साडेपाच या वेळात लोकांना वर सोडतात. जानेवारीत जया आईला घेऊन बसच्या सहलीतून तिथं गेली.

“एकशे चौतीस पायऱ्या, भाऊ. गोल गोल. मी तीनदा बसली. आई अडुसष्ट वर्षांची, तिनं कठड्याले हातबी नाई लावला. वर एक लोखंडी दार हाये, बुटकं. तिथं सगळ्याईचं डोकं आपटते. गाइड ओरडून सांगे, तरी माहं आपटलंच. आई बरोबर वाकून गेली, गाइड बोलायच्या आधी.” तिनं कपाळावरची खूण दाखवली. “अन् खाली येऊन पाहतो तं काय, भिंतीवर पाटीचा नमुना लावलेला. वादळाच्या रात्री दिवा राखणारे दीपरक्षक म्हनून नाव कोनाचं? सदाशिवराव ठाकऱ्याचं!”

अडतीस वर्षांपूर्वीची, बारा नोव्हेंबरची रात्र. मोठं वादळ. दिव्याभोवतीचं भलंमोठं भिंग फिरवणारं यंत्र बंद पडलं, तर कुणीतरी ते भिंग रात्रभर हातानं फिरवत ठेवलं. खाडीच्या तोंडाशी अडकलेल्या अकरा होड्या त्या उजेडावर परत आल्या. हे कुणीतरी म्हणजे आपला बाप, असं जया लहानपणापासून ऐकत आली होती. बापाच्याच तोंडून.

“बाबाची स्वताची रोजची वही होती. त्यातल्या पानाची झेरॉक्स मी संग्रहालयाले धाडली. ते म्हनतात, सोमवारपर्यंत असल वही आना, नाईतं पाटी हाये तशी बसवतो. मी ट्रंक उघडली तं वही गायब! अन् आठ दिवसांआधी तो सदाशिवराव घरी येऊन दीड तास बसलता. आता सांगा, चोर कोन?”

तिनं झेरॉक्स माझ्यापुढं सरकवली. कागदावर थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: ‘१२ नोव्हेंबर. दिवा लावला सायं. ५.३३. रात्री ९ ला यंत्र बंद. भिंग हाताने फिरविले. दिवा मालविला सकाळी ६.२२. पुं. उईके.’

अर्ज दहा मिनिटांत झाला असता. पण मी टाइपरायटरमध्ये कागद घातला नाही. चोरीच्या अर्जाला आजवर कुणी पुराव्याची झेरॉक्स आधीच तयार ठेवून आलेलं मी पाहिलं नव्हतं.

“संध्याकाळच्या बसनं मी वडनेरला येतो,” मी म्हटलं.

जयाचा चेहरा उतरला. “तुमी कायले? तुमी फक्त लिहा ना.”

२

ट्रंक माजघरात होती. पत्र्याची, हिरवी. कुलूप शाबूत, कडी शाबूत. किल्ली देवाजवळच्या डबीत, आणि ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक. बाहेरच्या माणसाला दीड तासात ट्रंक शोधून, किल्ली हुडकून, वही काढून पुन्हा कुलूप लावायचं असेल, तर त्यानं चहा केव्हा प्यायचा?

जयाचा भाऊ अंकुश दारातच बसून सोयाबीनच्या चाळणीची जाळी शिवत होता. ती वादळाची रात्र झाली तेव्हा तो जन्मलाही नव्हता; तो झाला तोवर आई जयाला घेऊन वडनेरला परतली होती.

“वही मीच जाळली म्हनून लिहा,” तो म्हणाला. “खुश?”

“जाळली काय?”

“जाळाची होती. बाबा वर्सातून वीस दिवस घरी येत. बाकी दिवस दिव्याचे. मी दहावीत नापास झालो तं त्याईले दोन महिन्यांनी कळलं. आता ही म्हनते पाटीवर नाव पाह्यजे. पाटी का मले शाळेत सोडाले येणार होती?”

“तोंड सांभाळ, अंक्या,” जया आतून कडाडली.

“तू काऊन चिडते वं? तुले तं सगळं पाठ हाये. बाबाचे शेवटचे पाच वर्सं कागद कोन लिहे? हीच. हयातीचा दाखला हीच लिहे, बँकेची चिठ्ठी हीच.”

 मी भिंतीकडं पाहत होतो. खिळ्याला नागपूरच्या पंचांगाच्या तीन वर्षांच्या चोपड्या एकावर एक टांगलेल्या होत्या. सगळ्यांत जुनीच वर होती.

जयाची म्हातारी आई जयवंताबाई ओसरीवर तूर निवडत होती. मी तिच्याजवळ बसलो.

“बाई, सदाशिवराव आले होते, ते तुमच्याशी काय बोलले?”

“बोलले काहीबाही. म्हातारे झाले तेबी.”

“त्या वादळाच्या रात्री तुम्ही तिथंच होतात ना?”

“होती ना. खाली क्वार्टरात. जया दोन वर्सांची.”

“वर काय चाललंय ते कळत होतं?”

“मले काय कळन वरचं? बायाले वर जाऊ देत नव्हते. कायदाच होता तसा. आमी खाली.” तिनं सुपातला खडा काढून अंगणात भिरकावला. “प्रेमदासभाऊ, जाऊ द्या ना. मेलेल्या मानसाचं नाव पाटीवर असलं का नसलं, त्याले जेवाले घालाचं हाये का?”

आणि मग, मी उठताना, अगदी सहज म्हणाली, “वही चोरीले नाई गेली.”

“मग कुठं आहे?”

“ते मले कसं माहीत? पन सदाशिवरावानं नाई चोरली. तो त्या वहीले भेते.”

३

दुसऱ्या दिवशी वर्धेला गेलो. सदाशिवराव ठाकरे नालवाडीत, दोन खोल्यांच्या घरात एकटा राहतो. सेलूकडचा शेतकरी घरातला माणूस. पुंडलिकराव आणि तो एकाच यादीत लागले, एकाच गाडीनं कोकणात गेले.

“आला का पोलीस,” तो मला म्हणाला. “बस. खुर्चीचा पाय मोडका हाये, जपून.”

“मी अर्जनवीस.”

“तेच ते. पोलीस मारून लिहून घेते, तुमी लिहून मारता.” चहाची किटली त्यानं पुढं केली. “वही मी नाई घेतली. मले लागतेबी कायले? हजेरीच्या पटावर त्या रात्री माही पाळी हाये. सरकारी बुकात माहं नाव हाये. मी कोनाले मांगाले नाई गेलो. संग्रहालयाची पोरं आली, पट पाह्यला, नाव लिहून नेलं.”

“मग ते खरं आहे?”

तो बाहेर बघत राहिला. सहा वाजत आले होते. समोरच्या घरात कुणीतरी तुळशीपुढं दिवा लावला.

“इथं लवकर होते दिवेलागण,” तो म्हणाला. “रिटायर होऊन आलो त्या हिवाळ्यात मले वाटे, घड्याळच बिघडलं. हात आपोआप आगपेटीकडं जाय अन् पाहो तं बाहेर अंधार पडून राह्यलेला. वाटे, आज उशीर झाला, आता साहेब मेमो देते.”

“वादळाच्या रात्रीचं सांगा.”

“ती रात्र?” त्यानं डोळे मिटले. “तिथला झोत दर दहा सेकंदाले येते. घड्याळासारखा. त्या रात्री तसा नव्हता. एकदा दहा, मंग चौदा, मंग नऊ. पान्यावरून सरकत सरकत याचा, आपल्या अंगावरून जाचा, अन् मंग अंधार. वाटे, आता नाई येत. आता संपलं. अन् पुन्हा याचा. मी मोजत होतो. सकाळपर्यंत मोजलं, भाऊ.”

मी झेरॉक्स त्याच्या हातात दिली. त्यानं चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. पुन्हा लावला.

“हे पुंडलिकरावांचं अक्षर आहे?”

“डोळे गेले माहे आता,” तो म्हणाला. पण डोळे पाण्यानं भरले होते, गेले नव्हते.

“आठ दिवसांआधी वडनेरला कशाला गेला होतात?”

“वहिनीले एक गोष्ट विचाराले.”

“काय?”

“ते तिलेच विचार.” तो उठला आणि दार उघडून उभा राहिला. “अन् ती काय म्हनली, तेबी.”

४

शनिवारी सकाळी गर्दी नव्हती. मी टेबलाच्या खणातून पंचांग काढलं, सोमवारची तारीख कुठली ते पाहायला. तारखेशेजारी नेहमीसारखे दोन रकाने: सूर्योदय, सूर्यास्त. नागपूरचे.

मला एकदम सदाशिवरावाची आगपेटी आठवली.

खणाच्या तळाशी जुनी पंचांगं असतात, लोकांना जन्मतिथी काढून द्यावी लागते म्हणून ठेवलेली. नोव्हेंबरची पानं काढली. सूर्यास्त वर्षावर्षाला फारसा हलत नाही. बारा नोव्हेंबर: सूर्योदय सहा बावीस. सूर्यास्त पाच तेहतीस.

झेरॉक्सवर: लावला ५.३३. मालविला ६.२२.

मिनिटाचाही फरक नाही. नागपूरशी.

मी भैरवटोकाच्या संग्रहालयात फोन लावला. पलीकडं जांभई देणारा एक पोरगा होता. “साहेब, तुमच्याकडं बारा नोव्हेंबरला सूर्य किती वाजता बुडतो?”

“तक्ता बघून सांगतो... सहा वाजून दोन मिनिटं. का हो?”

“आणि दिवा?”

“सूर्य बुडला की. आधी लावला तर मेमो मिळायचा. रॉकेल वाया जातं ना.”

सूर्य पश्चिमेकडं उशिरा बुडतो, हे चौथीतल्या पोराला माहीत असतं. पण आपण वर्ध्याची माणसं. आपला सूर्य शेताच्या धुऱ्याबांधामागं बुडतो, आणि तो सगळीकडं त्याच वेळी बुडतो असं आपण धरून चालतो. ज्यानं हे पान लिहिलं, त्यानं पंचांग उघडून इमानदारीनं वेळ उतरवली. तो माणूस भैरवटोकाला नव्हता. तो इथं होता, वडनेरच्या माजघरात, पंचांगाच्या खिळ्याखाली.

सव्वीस वर्षं दिवा लावणारा पुंडलिकराव ही चूक करूच शकत नव्हता. सदाशिवरावही नाही. मग उरलं कोण? आणि खोटं पान लिहावं लागलं, कारण खऱ्या पानावर काहीतरी दुसरंच होतं.

मी टाइपरायटर झाकला आणि नालवाडीला फोन केला. “सदाशिवराव, उद्या दुपारी वडनेरला यायचं. तुम्ही त्या रात्री दिव्यापाशी नव्हतात, हे मला कळलंय.”

पलीकडं मोडकी खुर्ची करकरली.

“येतो,” तो म्हणाला. “नाईतरी सोमवार आल्यावर मले झोप लागणार नव्हती.”

५

रविवारी दुपारी वडनेरच्या ओसरीवर आम्ही पाच जण होतो. अंकुशनं सदाशिवरावाला खाट दिली. जया खांबाला टेकून उभी. जयवंताबाई गुरुवारचीच तूर निवडत होती, किंवा आजची असेल.

“जया,” मी म्हटलं, “हे पान तू लिहिलं.”

“काय म्हनता भाऊ तुमी!”

मी पंचांग आणि झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवली. सूर्यास्ताचं सांगितलं. ती दोन्ही कागदांकडं पाहत राहिली, आणि हळूहळू तिचा आवाज सुटला तो भांडणाचा नव्हता.

“मले का माहीत, तिथं सूर्य उशिरा बुडते म्हनून.”

“असल वही मागितली तेव्हा तुझ्याजवळ दाखवायला काही नव्हतं. म्हणून चोरी. आणि चोरीचा शिक्का असलेला कागद पाहिजे म्हणून मी. सदाशिवराव आयतेच येऊन गेले होते. वही कुठं आहे?”

“धान्याच्या कोठीत.”

“वा गं बाई,” अंकुश म्हणाला. “अन् मी ऐकतो, बाबाचा मान, बाबाचा मान.”

“चूप, अंकुश. वही आण,” मी म्हटलं.

वही आली. पिवळी पडलेली, ज्वारीचा वास असलेली. बारा नोव्हेंबरच्या पानावर पुंडलिकरावाच्या खऱ्या हाताची एकच ओळ: ‘बाजाराला आलो. तर बंद. बंदरावर रात्र काढली.’

तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी. वादळात बंद पडली. पुंडलिकराव खाडीच्या अलीकडं, दिवा पलीकडं.

“बाबा तिथं नव्हतेच,” जया म्हणाली. “आयुष्यभर आमाले सांगतलं अन् तिथं नव्हतेच. बाबा मेल्यावर मी हे वाचलं. मंग वाटलं, म्हंजे यानंच केलं.” तिनं सदाशिवरावाकडं बोट केलं. “अन् मले ते सहन नाई झालं.”

“त्यानंही नाही केलं,” मी म्हटलं. “सदाशिवराव, झोत पाण्यावरून सरकत तुमच्या अंगावरून जायचा, तुम्ही रात्रभर मोजत होतात. दिव्यापाशी उभा असलेला माणूस झोत अंगावर येताना पाहत नाही. तो बाहेरून दिसतो. तुम्हीही बंदरावर होतात.”

सदाशिवरावानं मान हलवली. “दोघंबी होतो. साडेतीनले निघालो रॉकेल अन् तांदूळ आनाले. परतीले तर सुटली नाई. अन् यंत्र बिघडलंबी नव्हतं, भाऊ. त्याले किल्ली द्यावी लागे दर दोन तासाले. किल्लीचा दांडा कपाटात, कपाटाची चावी माह्या या खिशात. मी बंदरावर उभा, चावी मुठीत, अन् समोर दिवा लागला. पुंडलिक म्हने, कोन लावून राह्यलं? मी काई बोललो नाई. दोघालेबी माहीत होतं, पलीकडं कोन उरलं होतं.”

ओसरीवर फक्त सुपाचा आवाज होता. मग तोही थांबला.

“बाई,” मी म्हटलं, “तुम्ही म्हणालात, बायांना वर जाऊ देत नव्हते. मग जानेवारीत त्या बुटक्या दारातून तुम्ही गाइडच्या आधी कशा वाकलात?”

६

“पह्यल्या खेपेले आपटलं होतं ना,” जयवंताबाई म्हणाली. “त्या रात्री. लय रगत निंगालं.”

तिनं सूप बाजूला ठेवलं.

“दिवा पेटवाले कोनं शिकवलं, असं विचारसान. कोनीच नाई. हे दोघं माह्या हातचं जेवता जेवता दुसरं बोलत काय होते? पंप किती मारला, मेंटलची जाळी कितीदा फुटली, बर्नर आधी गरम केला नाई तं भडका कसा होते. चार वर्सं ऐकलं. गॅसबत्तीचाच मोठा भाऊ तो. लागला. पन भिंग फिरेना. मंग ढकललं. पाऱ्याच्या कुंडात तरंगते ते, एकदा चाललं का जड नाई लागत. थांबलं का लागते. म्हनून थांबली नाई.”

“आणि सकाळी?”

“सकाळी हे दोघं आले. म्हने, कोनाले सांगजो नको, दोघाची नोकरी जाईन, बाई वर गेली म्हनून खटला होईन. मी म्हटलं, बरं. सदाशिवरावानं बुकात आपलं नाव लिहिलं, पाळी त्याची होती. यंत्र बंद पडलं म्हनून लिहिलं.”

“आठ दिवसांआधी मी हेच विचाराले आलतो,” सदाशिवराव म्हणाला. “वहिनी, आता खरं सांगू का? आता कोन नोकरी घेते? तं म्हनली, हाये तसं राहू द्या.”

“काऊन, आई?” जया तिच्यापुढं बसली. “काऊन राहू द्याचं? अकरा होड्या आल्या! तुहं नाव लागाले पाह्यजे. मी मूर्खासारखी बाबाचं घेऊन भांडून राह्यली.”

“मले नाई पाह्यजे नाव.”

“पन काऊन?”

म्हातारी जयाकडं नाही, अंगणाकडं पाहून बोलली. “नाव लागलं तं लोक विचारतीन, रात्रभर वर होती तं दोन वर्सांची पोरगी कुठं होती? तुले मी खालच्या खोलीत कोंडून गेलती. बाहेरून कडी लावली. वर नेली असती तं पाऱ्यात हात घातला असता तुनं, नाईतं पायऱ्यावरून गेली असती. तू रडत होती. वारा पडे तवा वरपर्यंत ऐकू ये. मी खाली आली असती तं भिंग थांबलं असतं. तं मी खाली नाई आली.” ती थांबली. “लोक होड्या मोजतात. मले त्या रातचं एवढंच आठवते, का पोरगी रडून राह्यली अन् मी नाई गेली.”

 अंकुशनं जाळी हातात घेतली आणि पुन्हा ठेवली. माझ्यासारख्या माणसाला अशा वेळी काय बोलावं ते सुचत नाही, मी फक्त लिहू शकतो. म्हणून पिशवीतून कोरा कागद काढला.

“उद्या सोमवार. मी दोन ओळी लिहितो. पाठवायचं का नाही, ते बाई ठरवतील.”

आधी सदाशिवरावाचं निवेदन लिहिलं: मी त्या रात्री कामावर नव्हतो, बुकातली नोंद मी खोटी केली. “काका, खातं तुमच्या मागं लागन,” अंकुश म्हणाला. “लागू दे,” म्हातारा म्हणाला. “अडतीस वर्सं तं मीच माह्या मागं लागलो हावो.” त्यानं सही केली. 

मग जयवंताबाईचं. ती सांगत होती, मी उतरवत होतो. संग्रहालयातले लोक हे छापतील असं मला वाटत नाही. त्यांना टोपीवाला दीपरक्षक पाहिजे, पदर खोचलेली बाई त्यांच्या पाटीत बसत नाही. फार तर ‘कुटुंबीयांचे सहकार्य’ असं काहीतरी लिहून मोकळे होतील. पण कागद गेला पाहिजे. एकतीस वर्षांत इतका खरा कागद माझ्या हातून गेला नव्हता.

सगळं लिहून झाल्यावर मी तिच्यापुढं धरलं. तिनं अंगठा केला नाही. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पेन हातात धरून बसून राहिली.

“पोरीचं लिहिलं का?” तिनं विचारलं.

“नाही. ते लिहायची गरज नाही.”

“मंग मी नाई करत सही. लिहाचं तं पुरं लिहा.”

 जयानं माझ्यासमोरून कागद ओढून घेतला आणि मांडीवर ठेवला. खाली थोडी जागा उरली होती. तिनं आईच्या हातातलं पेन घेतलं, डोळे पुसले नाहीत, आणि लिहिलं:

‘साक्षीदार: जया. त्या रात्री वय दोन वर्षे, राहणार खालच्या खोलीत. मी रडत होते. आई वर होती. माझी तक्रार नाही.’

मग तिनं पेन आईला परत दिलं.